गास्पेसीचा वळसा स्नोमोबाइलवर: आखणी पेट्रोल आणि उजेडापासून करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोरोंटोजवळच्या मिसिसागाचे चौघे मित्र फेब्रुवारीच्या मध्यात क्यूबेकमधल्या गास्पेसी द्वीपकल्पाला स्नोमोबाइलवरून, म्हणजे पुढे स्की आणि मागे फिरता पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीवरून, वळसा घालणार आहेत. दोघांनी ऑन्टारियोत चार-पाच हिवाळे ही गाडी चालवली आहे, उरलेले दोघे जेमतेम एकदा बसले आहेत. गाड्या भाड्याच्या आहेत. नकाशावर त्यांनी फाट्यांसकट 1,200 किमी आखले असून ते पाच दिवसांत बसवायचे आहेत. हे जमेल का, आणि बरोबर काय काय लागेल?

पाच दिवसांत 1,200 नाही जमणार. म्हणजे पहिले दोन दिवस जमल्यासारखं वाटेल आणि तिसऱ्या दिवशी दुपारनंतर नवखे दोघे थकतील. बहुतेक अपघात त्याच वेळी होतात. मतान या गावापासून सुरू करून मतानलाच संपणारा वळसा घ्या. फाटे कसे निवडता त्यावर तो आठशे ते हजार किमीचा होतो. त्याला सहा दिवस चालवायचे आणि एक दिवस राखीव द्या. टोरोंटो परिसरातून मतान बाराशे किमीच्या घरात आहे, म्हणून जाण्यायेण्याचे दोन-दोन दिवस वेगळे धरा. एवढी रजा नसेल तर वळसा सोडून द्या. मतान ते मर्डोकव्हिल आणि परत असा चार दिवसांचा बेत करा. तो अर्धवट नाही, पुरता समाधानाचा प्रवास आहे.

आता आखणी. बहुतेक लोक आधी हॉटेलं ठरवतात आणि मग मधलं अंतर मोजतात. हा क्रम उलटा करा. दिवसाचा आकडा दोन गोष्टींवरून ठरतो: गटातल्या सर्वांत लहान टाकीत किती पेट्रोल मावतं, आणि अंधार कधी पडतो.

उजेडाचा हिशेब आधी करू, कारण टोरोंटोकडची मंडळी इथे हमखास फसतात. गास्पे टोरोंटोच्या खूप पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यात टोरोंटोत सूर्य पावणेसहाला मावळतो, तर गास्पेत चार चाळीसच्या आसपास. तासाभराहून जास्त फरक पडतो. सकाळी मात्र साडेसहालाच उजाडतं. म्हणून आठला इंजिन सुरू आणि साडेतीनपर्यंत मुक्कामी, हा नियम ठेवा. गाडीला दिवा असतो हे खरं, पण उडणाऱ्या बर्फाच्या धुळीत तो प्रकाश समोरच्या पांढऱ्या भिंतीवरूनच परत येतो. ट्रेलवरचे, म्हणजे बर्फातल्या आखीव वाटेवरचे, उंचवटे दिसत नाहीत आणि नवख्याला वळण कळेपर्यंत वळण संपलेलं असतं.

साडेसात तासांत किती अंतर होतं? चांगल्या ट्रेलवर चालत्या गाडीची सरासरी ताशी 45 किमी धरा. क्यूबेकमध्ये ट्रेलवर वेगमर्यादा 70 आहे, पण सरासरी कधीच त्याच्या जवळ जात नाही. 200 किमीला साडेचार तास लागतात. पेट्रोलचे दोन थांबे, जेवणाचा एक तास, प्रत्येक फाट्यावर मागच्यांची वाट पाहणं, हातमोजे बदलणं, फोटो, यांत अडीच-तीन तास जातात. झाला दिवस. तुमच्या गटासाठी 200 ही कमाल मर्यादा समजा. सरासरी 150 धरा आणि पहिला दिवस शंभर-सव्वाशेच्या वर जाऊ देऊ नका. पहिल्या दिवशी गाडी कशी वळते, सामान कुठे घासतं, कोणाचा बूट चावतो, हे सगळं कळायचं असतं.

आता पेट्रोल. 600 ते 850 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन 100 किमीला साधारण 16 ते 20 लिटर पितं, 900 सीसीचं टूरिंगचं फोर-स्ट्रोक 12 ते 15. टाकी 36 ते 42 लिटरची असते. म्हणजे 38 लिटरची टाकी आणि 18 लिटरचा खप असेल तर 210 किमी. हा आकडा कागदावरचा झाला. रात्री ताजा बर्फ पडला, ट्रेल मऊ झाली, समोरून वारा आला, की खप सहज तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. म्हणून नियम असा: दोन पेट्रोलच्या जागांमधलं अंतर सर्वांत लहान टाकीच्या पल्ल्याच्या दोन-तृतीयांशाहून जास्त नको. वरच्या उदाहरणात 140 किमी. जिथे त्याहून जास्त अंतर आहे तिथे प्रत्येक गाडीवर दहा लिटरचा, इंधनासाठीच बनवलेला डबा. आणि चौघांच्या गाड्या शक्यतो एकाच प्रकारच्या घ्या. तीन फोर-स्ट्रोक आणि एक टू-स्ट्रोक असा गट असला तर सगळ्यांचे थांबे त्या एकीवर ठरतात, शिवाय तिचं तेल वेगळं बाळगावं लागतं. टू-स्ट्रोकला एका टाकीमागे पाऊण ते एक लिटर इंजेक्शन ऑइल धरा. सहा दिवसांना ते चार-पाच लिटर होतं, आणि आडरानातल्या जागी तुमच्या गाडीला चालणारंच तेल मिळेल याचा भरवसा नाही. टर्बो गाडी असेल तर तिला 91 ऑक्टेन लागतं का ते आधी पाहा, कारण लहान जागी एकच पंप असतो आणि तो साध्या पेट्रोलचा असतो.

क्यूबेकमध्ये ट्रेलवरच्या विसाव्याच्या जागेला रले म्हणतात. गरम सूप, शेकोटी, बरेचदा पेट्रोल, कधी खोल्याही. नकाशावर पंपाचं चिन्ह आहे म्हणून पेट्रोल आहे असं धरू नका. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक जागेला फोन करून दोनच प्रश्न विचारा: उद्या उघडे आहात का, आणि पेट्रोल आहे का. आठवड्यातल्या मधल्या वारी बंद असणं, टँकर न येणं, वीज जाणं, सगळं घडतं. गास्पेसीत बहुतेक ठिकाणी फ्रेंचच बोलली जाते. एसाँस म्हणजे पेट्रोल, आरे म्हणजे थांबा, फेर्मे किंवा बारे दिसलं की रस्ता बंद. एवढे चार शब्द चौघांनाही पाठ हवेत.

वळशाची दिशा मी घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुचवेन. पहिला दिवस मतान ते सेंत-आन-दे-माँ, दुसरा तिथून आत डोंगरात मर्डोकव्हिल, तिसरा गास्पे, चौथा पेर्सेच्या बाजूने खाली उतरत बोनाव्हेंत्युर, पाचवा मातापेडियाच्या खोऱ्यात कोझाप्सकाल किंवा आम्की, सहावा परत मतान. या भागाचा कणा म्हणजे ट्रान्स-क्यूबेक 5 क्रमांकाची ट्रेल. आतले फाटे तिला जोडलेले आहेत. नेमके किलोमीटर क्यूबेकच्या स्नोमोबाइल क्लबांच्या महासंघाच्या, म्हणजे एफसीएमक्यूच्या, आयमोतोनेज या नकाशावरूनच घ्या. ट्रेल कुठे बंद आहे, कुठे वळवली आहे, हे तिथे कळतं. नकाशा निघण्यापूर्वी फोनवर उतरवून ठेवा, आत डोंगरात नेटवर्क तासनतास नसतं.

ही दिशा का, तर उत्तरेचा किनारा आणि मर्डोकव्हिलची उंची हा वाऱ्या-बर्फाचा भाग सुरुवातीला येतो, सगळे ताजे असताना. दक्षिणेचा शालर उपसागराचा किनारा तुलनेने सौम्य आहे, तो थकव्याच्या दिवसांना येतो. पण सौम्य म्हणजे तिथे पाऊसही पडू शकतो, आणि पावसानंतर गोठलेली ट्रेल म्हणजे काच. त्याबद्दल पुढे आहेच. राखीव दिवस मर्डोकव्हिलला ठेवा. वादळ झालं तर तो तिथेच खर्ची पडेल. हवा चांगली असली तर सामान खोलीत ठेवून त्या परिसरातल्या खोल बर्फात रिकाम्या गाड्यांनी हिंडा, सगळ्या प्रवासातला तो सर्वांत सुंदर दिवस ठरतो. इथेच एक विनंती. जवळच्या शिक-शॉक डोंगरांत कॅरिबू हरणांचा जो कळप उरला आहे तो सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिणेचा शेवटचा आहे. आखलेल्या ट्रेलबाहेर गाडी घालू नका, एकदाही नाही.

दक्षिण किनाऱ्यावर घड्याळाचा एक सापळा आहे. उपसागराच्या पलीकडे न्यू ब्रन्सविक, आणि तिथली वेळ एक तास पुढे. कार्लटन, मातापेडियाकडे फोन पलीकडच्या टॉवरला चिकटतो आणि आपोआप तासभर पुढे जातो. मग चौघांपैकी दोघांच्या फोनमध्ये आठ आणि दोघांच्या फोनमध्ये नऊ. फोनची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा किंवा एक साधं मनगटी घड्याळ ठेवा. ट्रेलने न्यू ब्रन्सविकमध्ये शिरायचं असेल तर तिथला परवाना वेगळा लागतो.

दिवस निवडताना शनिवार टाळा. ट्रेल रात्री ग्रूमर या मोठ्या यंत्राने सपाट करतात, मग तिला घट्ट व्हायला काही तास लागतात. मंगळवारी सकाळी आठला ती गालिच्यासारखी असते, शनिवारी दुपारी तीनला तीच ट्रेल गुडघाभर उंचवट्यांची झालेली असते. क्यूबेकमधल्या शाळांची सुट्टी फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला असते, तेव्हा खोल्या मिळत नाहीत. समोरून ग्रूमर आला तर ट्रेलची पूर्ण रुंदी तो व्यापतो. उजवीकडे कडेला थांबा, त्याला जाऊ द्या. हॉटेल ठरवताना तीन गोष्टी विचारा: ट्रेल दारापर्यंत येते का, पेट्रोल किती अंतरावर, आणि वादळामुळे आलो नाही तर पैसे परत मिळतात का. बर्फ कमी पडलेल्या वर्षी हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. ऑन्टारियोचा ट्रेल परवाना क्यूबेकमध्ये चालत नाही, एफसीएमक्यूचा वेगळा घ्यावा लागतो. भाड्याच्या गाडीवर तो बहुधा असतोच, पण लेखी विचारून घ्या. क्यूबेकमध्ये किमान दहा लाख डॉलरचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. भाड्याच्या करारात गाडीच्या नुकसानीपैकी तुमच्या खिशातून किती जाणार तो आकडा शोधा, तो बरेचदा हजारांत असतो, आणि ट्रेलवर बिघडलेली गाडी ओढून आणण्याचा खर्च कोणाचा तेही. वस्तीपासून 100 मीटरच्या आत वेग 30 ठेवायचा.

आरोग्यविम्याकडे मात्र नीट लक्ष द्या. ऑन्टारियोचं ओहिप, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड आहे म्हणून दुसऱ्या प्रांतात निर्धास्त राहता येत नाही. डॉक्टरांच्या बिलांबाबत प्रांतांमध्ये जो परस्पर करार आहे त्यात क्यूबेक नाही, त्यामुळे तिथला डॉक्टर थेट तुमच्याकडून पैसे घेऊ शकतो आणि परतावा पूर्ण मिळेलच असं नाही. रुग्णवाहिका, हेलिकॉप्टर हे तर वेगळंच. प्रवासविमा घ्या आणि त्यात स्नोमोबाइल वगळलेली नाही हे पॉलिसीच्या मजकुरात शोधून पाहा. भारतातून आलेले आई-वडील किंवा भाऊ बरोबर येणार असतील तर त्यांच्या व्हिजिटर विम्यात मोटारखेळांचं कलम आवर्जून वाचा.

कपडे. थंडी थर्मामीटरची नसते, वेगाची असते. उणे 20 तापमानात ताशी 70 ने गेलात तर उघड्या कातडीला उणे 37 सारखं लागतं, उणे 25 ला उणे 44. उणे 40 च्या खाली उघडी कातडी पाच-दहा मिनिटांत गोठते. म्हणून हेल्मेट आणि मानेच्या मधली बोटभर फट हीच खरी शत्रू. अंगाला मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि छातीपर्यंत येणारी बिब पँट. सुती बनियन, सुती मोजे अजिबात नकोत. घाम शोषून ते ओलेच राहतात आणि थांबल्यावर अंग गारठवतात. दोन लोकरी मोजे चढवून बूट घट्ट केला तर पाय जास्त लवकर गार पडतात, कारण रक्त फिरत नाही. एकच जाड मोजा आणि बोटं हलतील एवढी जागा. हेल्मेट विजेने तापणाऱ्या काचेचं घ्या, आणि भाड्याच्या गाडीवर त्या वायरीचं सॉकेट आहे ना ते ठरवतानाच विचारा. काच धुरकटली की नवखा माणूस ती वर करून चालवतो, आणि नाक-गाल तिथेच गोठतात. हातमोज्यांचे दोन जोड, त्यातला एक जॅकेटच्या आत अंगाशी. प्रत्येक थांब्यावर एकमेकांचे गाल आणि नाकाचा शेंडा पाहायचा. पांढरा, मेणासारखा ठिपका दिसला तर उघड्या तळहाताची ऊब द्या. चोळायचं नाही, बर्फ तर नाहीच नाही.

सामान प्रत्येकी पंधरा किलोच्या आत. मागच्या रॅकवर किती वजन चालतं ते गाडीवर लिहिलेलं असतं. जड वस्तू पुढे आणि खाली. मागच्या टोकाला वजन टाकलं की पुढच्या स्की हलक्या होतात, हँडल वळवलं तरी गाडी सरळच जाते, आणि हे नेमकं बर्फाळ वळणावर कळतं. सामान लादल्यावर मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवून घ्या. बॅग कितीही चांगली असली तरी बर्फाची धूळ आत शिरते, म्हणून कपडे आत वेगळ्या जलरोधक पिशवीत.

खाण्याचं आधीच बघा, विशेषतः शाकाहारी असाल तर. रलेमध्ये वाटाण्याचं सूप मिळतं, त्यात बहुधा हॅम असतं. पुतीन म्हणजे बटाटे, चीज आणि वर ग्रेव्ही, आणि ती ग्रेव्ही सहसा मांसाच्या रसाची असते. सां व्यांद, म्हणजे मांसाविना, असं विचारा आणि तरी बरोबर दिवसाला दोन वेळचं ठेवा. तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू या थंडीत टिकतात आणि हातमोज्यातूनही तोडता येतात. केळं आणि सँडविच दगड होतात. पाण्याची बाटली जॅकेटच्या आत, थर्मासमध्ये चहा. थंडीत तहान कळत नाही आणि दुपारी डोकं दुखू लागतं, त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं.

आता यंत्राकडे. रोज बंद पडण्याची कारणं तीनच: ड्राइव्ह बेल्ट, स्लाइड आणि गारठलेला ट्रॅक, म्हणजे गाडीखालचा फिरता रुंद पट्टा.

बेल्ट हा दोन क्लचच्या मधला रबरी पट्टा. इंजिनची सगळी ताकद त्याच्यावरून ट्रॅकपर्यंत जाते. प्रत्येक गाडीला तिच्याच क्रमांकाचा जादा बेल्ट हवा. भाड्याच्या गाडीत तो आहे का, हे निघण्यापूर्वी झाकण उघडून डोळ्यांनी पाहा. बेल्ट तुटण्याआधी सांगतो: जळक्या रबराचा वास येतो, इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही. तिथेच थांबा. इंजिन बंद करा, किल्ली काढा, बाजूचं पॅनेल उघडा. क्लच भाजण्याइतका तापलेला असतो, हातमोजे घालूनच हात लावा. बऱ्याच गाड्यांना मागच्या क्लचच्या चकत्या उघडण्यासाठी एक छोटं स्क्रूचं हत्यार येतं. ते फिरवलं की चकत्या लांब होतात आणि बेल्ट सैल पडतो. आधी मागच्या क्लचवरून काढा, मग पुढच्या. बेल्टच्या चिंध्या उडाल्या असतील तर क्लचमध्ये, शाफ्टभोवती गुंडाळलेला प्रत्येक दोरा चिमट्याने काढा. तो राहिला तर तेलाचं सील कापतो आणि वीस किमीवर दुसरी, मोठी दुरुस्ती उभी राहते. नवा बेल्ट बाणाची दिशा पाहून आधी पुढच्या क्लचवर आणि मग मागच्यावर चढवा, हत्यार काढा. पहिले पन्नासेक किमी पूर्ण थ्रॉटल नाही. हे काम भाड्याच्या दुकानाच्या आवारात, उजेडात, प्रत्येकाने एकदा स्वतः करून पाहावं. उणे 25 मध्ये, हातमोजे काढून, पहिल्यांदा शिकण्याची ही गोष्ट नाही.

बेल्ट जातो कशाने? बहुतेकदा सकाळच्या पहिल्या मिनिटाला. रात्रभरात ट्रॅक जमिनीला गोठून चिकटलेला असतो आणि माणूस थ्रॉटल दाबून तो सोडवायला जातो. ट्रॅक हलत नाही, पुढचा क्लच बेल्टवर घासत राहतो, आणि एकाच जागी बेल्ट भाजून निघतो. म्हणून इंजिन तीन-चार मिनिटं चालू द्या, तोवर स्कींची टोकं धरून डावीउजवीकडे हलवा, दोघांनी मागचा बंपर धरून गाडी उचलून आपटा, मग हळू पुढे घ्या. रात्री गाडी लावतानाच स्कींखाली लाकडाच्या फळ्या सरकवल्या आणि पाणथळ जागा टाळली तर सकाळचं निम्मं काम वाचतं. एक सांगायलाच हवं: बंद शेडमध्ये इंजिन तापवत ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

स्लाइड म्हणजे ट्रॅकच्या आतल्या रुळांवरची प्लास्टिकची पट्टी. ट्रॅक तिच्यावरून सरकतो आणि उडणारा सैल बर्फ तिला ओलं, थंड ठेवतो. इंजिनचं कूलंटही टनेलमध्ये, म्हणजे ट्रॅकवरच्या धातूच्या पोकळीत, याच बर्फाने गार होतं. पावसानंतर गोठलेल्या कडक ट्रेलवर सैल बर्फच नसतो. मग दोन गोष्टी एकदम घडतात: कूलंटचा काटा चढतो आणि प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. यावर उपाय म्हणजे आइस स्क्रॅचर, रुळांना किंवा स्कींना लावलेल्या तारा. त्या बर्फ खरवडून मागे उडवतात. दक्षिण किनाऱ्यावर यांच्याविना जाऊ नका, गाडीला नसतील तर मागून घ्या. काही प्रकारचे स्क्रॅचर रिव्हर्स घेण्याआधी वर अडकवावे लागतात, नाहीतर तुटतात. तरीही तापमान चढलं तर कडेच्या मऊ बर्फात दोन-तीनशे मीटर चालवा. त्याच कडक ट्रेलवर स्कीखालचे कार्बाइड, म्हणजे धारेच्या कठीण पट्ट्या, बोथट असले तर गाडी वळत नाही. ताबा घेताना कार्बाइडवरून बोट फिरवा, धार लागली पाहिजे.

गटात मिळून एकच हत्यारांची पिशवी पुरते: जादा स्पार्क प्लग, प्लगचा पाना, पक्कड, केबल टाय, डक्ट टेप, थोडी मऊ तार, सहा मीटरचा ओढपट्टा, घडीचं फावडं, हेडलँप, प्रथमोपचार, लायटर आणि काडेपेटी दोन्ही, उष्णता परतवणारी चादर. सुरक्षेच्या दोरीला जोडलेली किल्ली हरवली तर गाडी सुरूच होत नाही, जादा किल्ली मागून घ्या आणि ती दुसऱ्याच्या खिशात ठेवा. फोन छातीजवळच्या खिशात, नाहीतर बॅटरी पाहता पाहता मरते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं एक यंत्र भाड्याने का होईना घ्याच. अपघातात सर्वांत आधी तुम्ही कुठे आहात हे सांगावं लागतं. म्हणून ट्रेल क्रमांक आणि शेवटचा फाटा प्रत्येकाच्या लक्षात हवा, फक्त पुढच्याच्या नव्हे.

चालण्याचा क्रम: अनुभवी माणूस पुढे, लगेच मागे सर्वांत नवखा, मग दुसरा नवखा, शेवटी दुसरा अनुभवी. प्रत्येकाची जबाबदारी आपल्या मागच्याची. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत आणि त्याने वळण पाहिलं याची खात्री होईपर्यंत हलायचं नाही. एवढा एक नियम पाळला तर कोणी हरवत नाही. समोरून गाड्या येताना पुढचा हाताने खूण करतो आणि ती मागे मागे पोचवायची. शेवटचा मूठ बंद करून हात वर धरतो, म्हणजे आमच्यामागे कोणी नाही. वळणावर उजवी बाजू सोडायची नाही. समोरासमोरच्या धडका वळणाच्या आतल्या अंगाला होतात, आणि तिथे दोन्हीकडचे म्हणतात की मी मधोमधच होतो. मूस, म्हणजे इथलं भलंमोठं हरीण, दिसला तर थांबा आणि इंजिन मंद ठेवा. खोल बर्फात तो ट्रेल सोडायला नाखूश असतो. त्याच्या मागे लागलात तर तो वळून अंगावर येऊ शकतो. दहा मिनिटं गेली तरी चालेल.

बर्फावरून तळं ओलांडायचं ते फक्त खुणेच्या काठ्या रोवलेल्या वाटेने. कॅनडियन रेड क्रॉस स्नोमोबाइलसाठी 25 सेंमी घट्ट, स्वच्छ बर्फ सांगतो. पांढऱ्या, बुडबुड्यांच्या बर्फात ताकद साधारण निम्मी असते. नदी तळ्याला मिळते तिथे, दोन तळ्यांमधल्या अरुंद जागी आणि पुलाच्या आसपास खालचं वाहतं पाणी बर्फ पातळ ठेवतं. बर्फावर गाड्यांमध्ये अंतर वाढवा, एकाच जागी चौघांनी थांबू नका. वरच्या बर्फाखाली पाणी साचून झालेला चिखल लागला, गाडी जड झाली, तर थ्रॉटल सोडू नका, एकसारखं ठेवून कडेला काढा. थांबलात की ट्रॅक रुततो आणि रात्री तिथेच गोठतो.

गाडी ताब्यात घेताना आणि परत देताना चारही बाजूंनी, स्कींच्या खालून आणि टनेलच्या आतून फोटो काढा, तारीख-वेळेसकट. हूड उघडून कूलंट आणि तेलाची पातळी दुकानदारासमोरच पाहा. आणि मिसिसागात मागे राहणाऱ्या एका माणसाकडे रोजचा मुक्काम, हॉटेलचा फोन, गाड्यांचे क्रमांक आणि एक वेळ लिहून ठेवा. संध्याकाळी सहापर्यंत पोचल्याचा निरोप आला नाही तर त्याने आधी हॉटेलला फोन करायचा, सात वाजता 911 ला, आणि त्या दिवशी कुठून कुठे कोणत्या ट्रेलने निघालो होतो ते त्याच कागदावरून सांगायचं.